ब्लँकेटमधली वीज आणि सुताचं पाणी

जानेवारीतली रात्र होती. सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा भरलेला, होम मैदानावरच्या पाळण्यांतून भाची नुकतीच उतरून आलेली. शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात तिनं लोकरीच्या स्वेटरसकट अंथरुणात उडी घेतली आणि पॉलिस्टरचं मऊ ब्लँकेट डोक्यावरून ओढलं. मी दिवा मालवला. थोड्या वेळानं उकडलं म्हणून तिनं ते ब्लँकेट एका झटक्यात बाजूला केलं, तर अंधारात तड्‌तड् आवाज झाला आणि घडीघडीतून निळसर ठिणग्या पळाल्या. ती उठूनच बसली. "मामा, ह्यात वीज कुणी सोडली?"

पलीकडच्या खाटेवर आई सुती सोलापुरी चादर पांघरून निजली होती. कुशीवर वळताना तिनं ती चादर चार वेळा ओढली, झटकली. एक ठिणगी नाही की आवाज नाही.

एकाच खोलीत, एकाच हवेत, एका पांघरुणात वीज आणि दुसऱ्यात शांतता. या दोन पांघरुणांमधला फरक नीट समजून घ्यायचा, तर अडीच हजार वर्षांमागं जावं लागतं, अणूच्या आत उतरावं लागतं आणि परत सोलापूरच्या मागावर यावं लागतं.

शांत चादरीतल्या पंचवीस लाख विजा

आधी त्या शांत चादरीकडेच बघू. साधारण एक किलो कापसाची चादर धरली, तर तिच्यातल्या प्रत्येक अणूच्या गाभ्यात धनभार असलेले प्रोटॉन आहेत आणि भोवती ऋणभार असलेले इलेक्ट्रॉन. कापूस म्हणजे सेल्युलोज. त्याचं रासायनिक सूत्र माहीत असल्यानं किलोभर कापसात इलेक्ट्रॉन किती, हे कागदावर मांडता येतं. त्या सगळ्यांचा मिळून ऋणभार होतो सुमारे ५ कोटी कूलोम.

कूलोम हे विद्युतभार मोजायचं माप. ते किती मोठं आहे? आभाळातून जमिनीवर कोसळणाऱ्या एका विजेतून साधारण १५ ते २० कूलोम भार खाली येतो. म्हणजे आईनं अंगावर घेतलेल्या त्या एका चादरीत जवळजवळ २५ लाख विजांइतका ऋणभार भरलेला आहे. अगदी तितकाच धनभारही आहे. दोन्ही पारडी इतकी तंतोतंत तोललेली की बाहेरून बघणाऱ्याला भाराचा मागमूसही लागू नये.

हे तोलणं सैल असतं तर काय झालं असतं? एक कूलोम इथं आणि एक कूलोम मीटरभर अंतरावर ठेवला, तर त्यांच्यातलं बल सुमारे ९ लाख टन वजनाइतकं भरतं. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना ज्या जोरानं दूर लोटतात, त्यापुढं त्यांच्यातलं गुरुत्वाकर्षण एकावर ४२ शून्यं इतक्या पटींनी दुबळं आहे. एवढं अफाट बल आपल्या उशीत, ताटात, तळहातात मुकाट बसून आहे, कारण दोन्ही बाजू सारख्या आहेत.

एखादी वस्तू 'विद्युतभारित झाली' असं आपण म्हणतो, तेव्हा तिच्यात नवीन काही निर्माण झालेलं नसतं. या प्रचंड जमाखर्चातल्या मूठभर नोंदी इकडच्या तिकडं झालेल्या असतात. किती मूठभर? आपल्या अंगावर दहा हजार व्होल्टपर्यंत भार साठला आणि दाराच्या लोखंडी कडीला हात लावताच चटका बसला, तर तेवढ्यात साधारण ६ लाख कोटी इलेक्ट्रॉनांची ये-जा होते. आकडा मोठा वाटतो. पण साठ किलोच्या माणसात जितके इलेक्ट्रॉन आहेत, त्यांच्या हिशेबात हे प्रमाण ३ हजार लाख कोटींत एक इतकं पडतं. एवढ्याशा फरकानं चटका बसतो, ठिणगी दिसते, केस उभे राहतात.

घरातल्या बटणामागं २३० व्होल्ट असतात आणि ते जीव घेऊ शकतात. कडीच्या चटक्यामागचे दहा हजार व्होल्ट मात्र नुसतं दचकवून जातात. तिथं साठलेला भार कूलोमच्या दशलक्षांश भागाएवढाच असतो आणि निमिषाच्याही आत तो संपतो. तारेमागं वीजकेंद्र उभं असतं, ते भार पुरवतच राहतं.

एका कंगव्यात तीन धडे

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीला घेऊन मी कंगवा आणि वर्तमानपत्राचे कपटे घेऊन बसलो. हा प्रयोग शाळेत सगळ्यांनीच केलेला असतो. पण घाईत. सावकाश बघितला, तर वस्तू विद्युतभारित होण्याचे तिन्ही मार्ग त्या एका कंगव्यात सापडतात.

पहिला मार्ग घर्षणाचा. कोरड्या केसांतून प्लॅस्टिकचा कंगवा दहा-बारा वेळा फिरवला की केसांतले काही इलेक्ट्रॉन कंगव्यावर जातात. कंगवा ऋण होतो, केस धन. सगळ्या केसांवर एकच जातीचा भार आल्यानं ते एकमेकांपासून दूर पळतात, म्हणून विंचरूनही विस्कटलेले दिसतात.

दुसरा मार्ग प्रवर्तनाचा. कंगवा कपट्यांजवळ नेला. अजून स्पर्श झालेला नाही. कपट्यावर कोणताही जादा भार नाही, तरी तो उडी मारून वर येतो. का? कंगव्यावरचा ऋणभार कपट्यातल्या इलेक्ट्रॉनांना किंचित मागं रेटतो. ते कागद सोडून जात नाहीत, आपापल्या रेणूत जरासे सरकतात, इतकंच. त्यामुळे कपट्याची कंगव्याकडची बाजू थोडी धन होते, पलीकडची थोडी ऋण. धन बाजू जवळ, ऋण बाजू लांब. विद्युतबल अंतर वाढलं की झपाट्यानं कमी होतं, दुप्पट अंतराला चौथाई. म्हणून जवळच्या बाजूची ओढ लांबच्या बाजूच्या ढकलण्यावर मात करते आणि कपटा वर झेपावतो. नळाची बारीक धार कंगव्याकडे वाकते तीही प्रवर्तनामुळेच.

तिसरा मार्ग स्पर्शाचा, आणि हा बघायला धीर लागतो. कंगव्याला चिकटलेल्या कपट्यांवर नजर ठेवा. थोड्या वेळानं एखादा कपटा टुणकन उडून लांब पडतो. तो गळून पडलेला नाही, त्याला ढकललेलं आहे. चिकटून बसल्या बसल्या कंगव्यावरचे काही इलेक्ट्रॉन त्याच्यावर उतरले, तोही ऋण झाला, आणि ऋणानं ऋणाला हाकललं.

भाचीनं तिसरा कपटा उडालेला पाहिला आणि म्हणाली, "आधी बोलावलं, मग घालवून दिलं." विद्युतभाराच्या शास्त्राची दोनशे वर्षं या एका वाक्यात मावतात.

सुतळी, रेशीम आणि दोन जाती

इसवीसनापूर्वी सुमारे ६०० वर्षं ग्रीक विचारवंत थेलीस याच्या नावावर घासलेल्या अंबराचं निरीक्षण सांगितलं जातं. अंबर म्हणजे झाडाच्या राळेचा दगड झालेला खडा. तो लोकरीवर घासला की हलक्या काड्या ओढून घेतो. अंबराला ग्रीक भाषेत 'इलेक्ट्रॉन' म्हणतात. पुढं त्या नावानंच सगळं शास्त्र ओळखलं जाऊ लागलं. इ. स. १६०० मध्ये इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्टनं दाखवलं की काच, गंधक अशा कितीतरी वस्तूंमध्ये ही ओढ आणता येते.

मग आला स्टीफन ग्रे. १७२९ मध्ये त्यानं घासलेल्या काचनळीचा गुण सुतळीवरून दूर नेऊन दाखवला. शेकडो फूट लांब सुतळी, एका टोकाला काचनळी, दुसऱ्या टोकाला हस्तिदंती गोळी. इकडं नळी घासली की तिकडं गोळी हलके कपटे उचलू लागे. सुतळी टांगायला त्यानं रेशमी दोरे वापरले होते. ते वजनानं तुटले, म्हणून पितळी तार लावली आणि सगळा प्रयोग फसला. त्या फसण्यातून एक मोठी गोष्ट कळली: काही वस्तू भार वाहून नेतात, काही अडवून धरतात. पितळेनं तो वाहून नेला, रेशमानं अडवला.

आणि सुतळीनं? कोरडी वनस्पतिज सुतळी काही चांगली वाहक नाही. तिच्यातून भार गेला तो तिनं हवेतून शोषलेल्या ओलाव्यामुळे. ग्रेच्या प्रयोगातली 'तार' खरं तर धाग्यातलं पाणी होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. आईच्या चादरीपाशी आपल्याला ती पुन्हा लागणार आहे.

चारच वर्षांनी, १७३३ मध्ये, फ्रान्सच्या द्यू फे यानं दाखवलं की भाराच्या दोन जाती आहेत. सारख्या जाती एकमेकींना लोटतात, वेगळ्या ओढतात. हा शोध घरच्या टेबलावर चिकटपट्टीनं लावता येतो. वीतभर लांबीच्या दोन पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी चिकटवा आणि झर्‌कन ओढून काढा. समोरासमोर धरल्या की त्या दूर पळतात, कारण दोघींची गत सारखीच झाली. आता एक पट्टी दुसरीच्या पाठीवर चिकटवा. जोडी टेबलावरून हळूच सोडवा, तिच्यावर बोट फिरवून घ्या आणि मग दोघींना एकमेकींपासून झटक्यात वेगळं करा. आता त्या एकमेकींकडे झेपावतात. एकीनं दिलं, दुसरीनं घेतलं.

या देण्याघेण्याला धन आणि ऋण ही नावं बेंजामिन फ्रँकलिनची. रेशमानं घासलेल्या काचेवरचा भार त्यानं धन मानला. इलेक्ट्रॉनचा शोध तेव्हा दीडशे वर्षं दूर होता. जे. जे. टॉमसननं १८९७ मध्ये तो लावला, तेव्हा कळलं की तारेतून धावणारा हा कण फ्रँकलिनच्या हिशेबात ऋण ठरतो. पुढं रॉबर्ट मिलिकननं तेलाच्या बारीक थेंबांवरचा भार मोजला, आणि प्रत्येक वेळी तो एकाच किमतीच्या पूर्ण पटीत आला. एक, दोन, सात, अकरा. अर्धा किंवा पाव कधीच नाही. विद्युतभार दुधासारखा हवा तेवढा ओतता येत नाही, तो नाण्यांसारखा मोजून द्यावा लागतो. एका कूलोममध्ये अशी ६२ हजार कोटी कोटींहून अधिक नाणी मावतात. फ्रँकलिनचा जमाखर्चाचा नियमही आजवर मोडलेला नाही: एकाकडे जितकं कमी, तितकंच दुसऱ्याकडे जास्त. विश्वाच्या वहीत एकूण बेरीज बदलत नाही.

कोण देतं, कोण घेतं

घासल्यावर इलेक्ट्रॉन कोण सोडणार आणि कोण धरणार, याची पहिली यादी १७५७ मध्ये योहान विल्के यानं मांडली. आजच्या यादीत काच, केस, नायलॉन, लोकर ही मंडळी सहसा देणाऱ्यांच्या बाजूला असतात. पॉलिस्टर, पॉलिथिन, टेफ्लॉन घेणाऱ्यांच्या. यादीत दोघं जितके लांब, तितका भार जास्त. भाचीचा लोकरीचा स्वेटर आणि पॉलिस्टरचं ब्लँकेट अगदी विरुद्ध टोकांकडचे. कापूस मात्र यादीच्या मधोमध बसतो. फारसं देत नाही, फारसं घेत नाही.

आता या गोष्टीतला मला सगळ्यात विलक्षण वाटणारा भाग. थेलीसपासून अडीच हजार वर्षं झाली, तरी दोन वस्तू एकमेकींना लागून सुटताना नेमकं काय घडतं, याचं पूर्ण उत्तर आजही शास्त्राच्या हाती नाही. कुठं इलेक्ट्रॉन जातात, कुठं आयन म्हणजे भारित अणू-रेणू, कुठं पदार्थाचे अतिसूक्ष्म तुकडेच उचलले जातात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की घेणारा पृष्ठभाग सगळीकडे सारखा ऋण होत नाही. त्यावर धन आणि ऋण ठिपक्यांची गोधडी तयार होते आणि आपण मोजतो ती तिची बाकी. २०२५ मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी एकाच सिलिकोन पदार्थाचे तुकडे एकमेकांना लावून पाहिले. सुरुवातीला कोण देणार याला काही धरबंधच नव्हता. पण वारंवार स्पर्श करत गेल्यावर ज्याचे स्पर्श जास्त झाले, तो ठरावीक बाजू घेऊ लागला. म्हणजे पृष्ठभागाला आपल्या आधीच्या भेटी आठवतात. मुलाच्या हातातल्या कंगव्यात अजून न सुटलेलं कोडं आहे, याहून मोठं आमंत्रण विज्ञान कोणाला देणार?

सुताचं पाणी

आता आईच्या चादरीकडे. तिच्या शांततेचं मोठं कारण पाणी आहे. सेल्युलोजच्या रेणूला पाणी धरून ठेवायची आवड. साधारण दमट हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरतो, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. किलोभर चादरीत जवळपास अर्ध्या पेल्याएवढं पाणी असतं आणि हाताला ती कोरडीच लागते. कोरड्या थंडीत हे प्रमाण उतरतं, पण संपत नाही. चादर ओढली की थोडा भार तिथंही सरकतो. पण धाग्यातल्या पाण्यावरून तो लगेच पसरतो आणि विरून जातो. ठिणगी पडण्याएवढा साठतच नाही. ग्रेच्या सुतळीतून जे पाणी भार वाहून नेत होतं, तेच आईच्या पांघरुणात ठिणगी पडू देत नाही.

हे सोलापूरच्या विणकरांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. खड्डामागावर विणणारा माणूस जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि ताणा जमिनीलगत राहतो; तिथला गारवा आणि ओल सुताला मऊ ठेवते, धागा कमी तुटतो. १८७७ मध्ये इथं 'जुनी मिल' सुरू झाली आणि सोलापूर गिरणगाव झालं. कोरड्या हवेच्या या गावात गिरणीला हवेतलं पाणी सांभाळणं भागच होतं. सूतगिरणीत तंतू वेगानं रुळांवरून पळतात, घासतात, सुटतात. म्हणजे विद्युतभार तयार करायचं ते यंत्रच झालं. हवा कोरडी असेल तर तंतू एकमेकांपासून फुलतात, रुळाला गुंडाळतात, सूत केसाळ होतं आणि तुटतं. म्हणून खात्यात मुद्दाम दमटपणा ठेवतात. विणकामाच्या शेडमध्ये तर तो सत्तर टक्क्यांच्या वर नेतात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात रंग, नक्षी आणि विणकरांचे हात आहेतच. हवेतलं न दिसणारं पाणीही त्या कामाला लागलेलं आहे.

मग मे महिन्यात सोलापूरची हवा जानेवारीतल्याहूनही भाजून कोरडी असते, तेव्हा ठिणग्या का दिसत नाहीत? कारण तेव्हा लोकर आणि ब्लँकेट अंगावर घ्यायची कोणाची हिंमत नसते. सगळे सुती कपड्यांत असतात आणि घामानं अंगावरचा भार वाहून जातो.

हातरुमालापासून आभाळापर्यंत

कापूस नेहमीच असा गप्प बसतो असंही नाही. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन आणि त्याचा सहकारी ओटो कोर्नाय यांनी गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा सुती हातरुमालानं घासला. पत्र्यावर भार आला. मग काचेवर लिहिलेली तारीख आणि जागेचं नाव त्यावर धरून दिव्याचा झोत टाकला. जिथं उजेड पडला तिथला भार पळाला. अक्षरांच्या सावलीत तो टिकला. वर बारीक भुकटी शिंपडली, ती फक्त अक्षरांना चिकटली. ही जगातली पहिली झेरॉक्स. आज कोपऱ्यावरच्या दुकानात यंत्रातून नुकतीच निघालेली प्रत हातात घ्या. गरम कागद एकमेकांना चिकटतात, हाताची लव किंचित उभी राहते. तोच भार अजून कागदावर रेंगाळलेला असतो.

आणि मृगाच्या आधी-नंतर आभाळ काळं होतं, तेव्हा हेच देणंघेणं कित्येक किलोमीटर उंचीवर चालू होतं. वादळी ढगात बर्फाचे हलके स्फटिक आणि मऊ, जड गारकण एकमेकांवर आपटतात. आपटून सुटताना सहसा गारकण ऋण होतात आणि खाली राहतात. स्फटिक धन होऊन वाऱ्याच्या झोतानं वर जातात. ढगाचा ऋण तळ खालच्या जमिनीवर धनभार जमवतो, कंगव्यानं कपट्यावर जमवला तसाच. प्रवर्तनच ते, फक्त कपट्याच्या जागी शिवार आलेलं. हवा सेंटिमीटरला सुमारे ३० हजार व्होल्टपर्यंत दम धरते. ढगात बर्फ आणि पाण्याच्या कणांमुळे त्याच्याही आधी हार मानते. मग वीज पडते. म्हणून शेतात गडगडाट ऐकू येताच झाडाखाली थांबू नये, पक्क्या घरात जावं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं तयार केलेलं 'दामिनी' हे अ‍ॅप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना मोबाईलवर देतं. शेतात आणि रानात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असायला हवं.

कंगव्याच्या प्रयोगानंतर त्या रात्री पुन्हा दिवा मालवला. भाचीनं या वेळी ब्लँकेट मुद्दाम हळू ओढलं, मग जोरात. हळू ओढल्यावर काहीच झालं नाही. जोरात ओढल्यावर निळी रेघ पळाली. ती हवेतल्या नायट्रोजनची झळाळी.

"तुझ्या स्वेटरचे इलेक्ट्रॉन ब्लँकेटकडं गेले," मी म्हटलं. "ते एकमेकांना परत बोलवत होते. तू ओढून त्यांची ताटातूट केलीस. जेवढं लांब ओढलंस तेवढा ताण वाढला. तो ताण तुझ्या हाताच्या जोरातून आला."

"म्हणजे वीज मीच सोडली?"

"वीज आधीपासून होतीच. आजीच्या चादरीतही आहे, तुझ्या हातातही आहे. तू फक्त ती जरा वेगळी करून दाखवलीस."

तिनं अंधारात हात पुढं करून आजीच्या चादरीचं टोक धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं.